खालच्या गावचा भोंगा

"साहेब, धरणाची दारं उघडावी लागली. पाणी सुटलं!" ऑपरेटर गायधने ओरडले. पण खालच्या गावाला सावध करणारा भोंगा ढिम्म.

भोंग्यात नवा प्रोग्राम या साहेबांनीच, निरंजननेच, आज घातला होता. आता त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कंपाइल करताना, म्हणजे प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवताना, यादीत स्वतःच्या लॅपटॉपचाच प्रोसेसर निवडलेला राहिला होता. भोंग्याच्या डब्यातली चिप निराळी, तिला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. खालच्या गावच्या सरपंचांचा फोन लागेना. त्याने योग्य प्रोसेसर निवडून पुन्हा कंपाइल सुरू केलं. पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. "चल ना गं बाई, चल!" तो रडकुंडीला आला.

अखेर नवा प्रोग्राम डब्यातल्या चिपमध्ये चढला आणि खोऱ्यात भोंगा घुमला. निरंजनने लॅपटॉप मिटला.

तेवढ्यात सरपंचांचाच फोन आला. मागे नदीवर बायकांच्या हसण्याचा, धुणं आपटण्याचा आवाज.

"वाजला बरं का, साहेब! सकाळी तुम्हीच दवंडी द्यायला लावलीत ना, आज चाचणी आहे, भोंगा वाजला तरी घाबरू नका म्हणून? कुणी जागचं हललंसुद्धा नाही, बघा!"