घराण्यातली पहिली

ठमी मांजर ऑपरेशन होऊन घरी आली, तेव्हा द्वारकाकाकूंनी टोपलीत जुनं लुगडं अंथरून शेगडीवर ओव्याची धुरी घातली होती.

"अहो आई, ही बाळंत झालेली नाही. पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन केलंय तिचं!" सुनेने हसत शेगडी लांब सरकवली.

"पोटाला टाके पडलेत ना? मग बाळंतीणच ती!" काकू ठणकावून म्हणाल्या. खरं तर मुक्या जिवाची कूस बंद करणं त्यांना पाप वाटत होतं. पण गेल्या वेळची पिल्लं बोक्याने मारली, तेव्हा ठमी कोपरान्‌कोपरा हुंगत, हाका मारत घरभर फिरली होती. ते ओरडणं कानांतून जाईना, म्हणून त्यांनी होकार दिला.

माघात बोका पुन्हा कौलांवर येऊन घोगरं ओरडू लागला. काकूंचा जीव खालीवर झाला. ठमीने मात्र एक डोळा उघडला, जांभई दिली आणि त्यांच्याच मांडीवर पुन्हा वेटोळं केलं.

पाठोपाठ बाळंतपणं सोसलेल्या काकूंनी तिच्या गुबगुबीत पाठीवरून हात फिरवला. "झोप गं बाई. आपल्या घराण्यात एवढी निवांत झोपणारी तूच पहिली."