उपम्याची पंगत

पातेल्यावरचं झाकण काढलं तरी एकही पोर जागचं हललं नाही. उपम्याची वाफ शाळेच्या ओसरीभर पसरली, कढीपत्त्याचा वास थेट चौथीच्या वर्गात शिरला, पण पोरं आपली भिंतीला पाठ लावून उभी. "खाऊन आलोय बाई," सगळ्यांचं एकच उत्तर. कशाचं खाऊन आलीयेत! तोंडं बघा एकेकाची.

शाळेच्या शिक्षिका कल्पनाबाई हातात डाव घेऊन उभ्या होत्या. भुकूमच्या आपल्या सोसायटीतल्या बायकांकडून रवा-तेल जमवायचं, पहाटे उठून उपमा करायचा, पातेलं स्कूटीवर पायांपाशी ठेवून मुठा खोऱ्यातल्या या शाळेत आणायचं आणि भरलेलं तसंच परत न्यायचं, असं चाललं होतं. दुपारची सरकारी खिचडी हीच पोरं चाटूनपुसून खात. सकाळच्या उपम्याशीच त्यांचं काय वाकडं होतं कोण जाणे.

शेवटी काल सोसायटीतल्या उषाताईंनी स्पष्टच सांगितलं, "उद्यापण असंच परत आलं ना, तर परवापासून नेऱ्याच्या शाळेला देऊ. तिथली मुलं खातील तरी." आणि कालच प्रार्थनेच्या वेळी तिसरीतली पल्लवी चक्कर येऊन पडली होती. पोटात सकाळपासून कण नव्हता तिच्या. हा उपमा इथून हलला तर बाईंना ते जन्मभर सलणार होतं.

तेवढ्यात फाटकातून पल्लवीची आई आली. बायजा. वरच्या धनगरवाड्यावरून डोंगर उतरून तरातरा आलेली, घामानं कपाळ भिजलेलं.

"बाई कोण हितली? माझी पोर उपाशी असती म्हून कुणी सांगितलं गावात?"

मुख्याध्यापक नरहरी गुरुजी खुर्चीतून उठले आणि, शहाणा माणूस, लगेच परत बसले.

"मी तसं नाही हो म्हटलं," कल्पनाबाई म्हणाल्या.

"न्हाई म्हटलं? ज्याच्या घरी खायाला नसंल त्यानंच रांगंत यायचं, आसं तुमीच सांगितलंया न्हवं पोरास्नी? मंग माझ्या पोरीनं त्या रांगंत हुबं ऱ्हाऊन काय सांगायचं? आईबाप खायाला घालीत न्हाईत म्हून?"

कल्पनाबाईंनी सांगितलं होतं खरं. पहिल्याच दिवशी, चांगल्या मनानं. ज्याला खरी गरज आहे त्याला कमी पडू नये म्हणून. पण असल्या रांगेत, भुकेनं जीव गेला तरी, कोण उभं राहील?

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "सपशेल चुकलं, बायजाबाई."

आता बायजा आली होती भांडायला. समोरचं माणूस असं फटदिशी कबूल झाल्यावर भांडायचं कुणाशी? तिचा आवाज आपोआप खाली आला.

"मेंढरं सोडायच्या गडबडीत भाकरीला उशीर व्हतो," ती पोरीकडं न बघता म्हणाली. "तवर ही खिंड उतरलेली असती. घरात हाय समदं. पर येळंला न्हाई गावत."

मग तिनं पातेल्यात डोकावून पाहिलं.

"ह्ये कुणासाठी हाय?"

"सगळ्यांसाठी."

"समद्यांसाठी? तुमच्यासाठी बी? गुरुजींसाठी बी?"

बाईंनी डाव उगाच पातेल्यात फिरवला. घरून चहा-बिस्किटं खाऊन निघालेल्या त्या.

"मंग बसा की पंगतीला!" बायजा म्हणाली. "पंगतीत बसल्याला कुणी इचारतंय व्हय, तुझ्या घरी हाय का न्हाई?"

तिनं बाईंच्या हातातला डाव घेतला. घेतला कसला, हिसकावलाच. पदर खोचला. कल्पनाबाई ओसरीवर मुकाट मांडी घालून बसल्या. गुरुजी "मला पथ्य आहे हो" म्हणत मागं सरू लागले.

"बसा वो गुरुजी! नव्या नवरीवानी लाजताय काय!"

पोरं खदखदून हसली. हसता हसता भिंतीपासून सुटली. पल्लवीनं एकदा आईकडं पाहिलं.

"बघतीस काय? ताटली आन तुजी! आणा रं समद्यांनी!"

दप्तरांतून ताटल्यांचा खणखणाट झाला. ओसरी पुरली नाही, काही पोरं पायरीवर बसली. बायजा घरच्या लग्नात वाढावं तशी वाढत सुटली. "आरं घे की. एवढ्यानं काय व्हतंय? मागं सरू नगं." नको म्हणणाऱ्याच्या ताटलीत तर तिनं दोन डाव जास्तच टाकले. पल्लवी बाईंच्या शेजारीच बसली होती. खाली मान घालून, घासावर घास, गालाला रवा लागलेला. देवाचे उपकार मानावेत की बायजाचे, कल्पनाबाईंना कळेना. दोघांचेही मानले त्यांनी, मनातल्या मनात, अगदी हात जोडून.

पातेल्याचा तळ दिसला. पोरं हात धुवायला हौदाकडं पळाली. कडेला चिकटलेला उपमा बायजानं बोटानं पुसून तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं.

"बाई, मीठ लई पडलंय."

इतक्या दिवसांत त्या उपम्याला कुणी नावं ठेवली नव्हती. कल्पनाबाईंचे डोळे भरून आले.

"उद्या कमी टाकते," त्या म्हणाल्या. "उद्या नक्की कमी टाकते."