इन्व्हरडोरनचं पाणी

आमच्या गावाचं नाव इन्व्हरडोरन. गेलिक भाषेत इन्व्हर म्हणजे नदीचं मुख, असं शेजारच्या मार्गारेटबाईंनी सांगितलं. पण जगाच्या दक्षिण टोकाला, साउथलंडच्या या माळावर नदी नाही, साधा ओढाही नाही.

"स्कॉटलंडहून आलेल्यांनी नाव तेवढं सोबत आणलं," त्या म्हणाल्या. "नदी तिकडेच राहिली."

मी जनावरांची डॉक्टर. दिवसभर फार्म फिरून घरी येते तेव्हा बोलायचंही त्राण नसतं. गमबूट दाराबाहेर काढते आणि आडवी होते. सकाळी ते बूट पाण्याने काठोकाठ भरलेले असतात. महिनाभर पावसाचा थेंब नाही.

"धम्मा, आत ठेव ना ते," माझा नवरा अनुप म्हणाला.

"शेणाचे बूट घरात? मला नाही चालणार."

मग रोज पाणी ओतायचं आणि कामाला निघायचं. दमलेला माणूस कशालाही सरावतो.

मार्गारेटबाईंना सांगितलं, तर त्यांचा चेहराच उतरला. "या रस्त्यावर कुणीच बूट बाहेर ठेवत नाही, डियर," एवढंच त्या म्हणाल्या.

आज दुपारीच परतले. अनुप इन्व्हरकार्गिल शहरात गेलाय. दाराशी कुणाचे तरी जुने चामडी जोडे होते, ओलेचिंब, टाचा जुळवून नीट ठेवलेले. आलं असेल कुणीतरी, म्हणून मी माझे गमबूट काढून शेजारी ठेवले.

कुलूप तसंच होतं. ते उघडलं, तर ओल्या अनवाणी पावलांचे ठसे आत आमच्या बिछान्यापर्यंत गेलेले. परतीचे नव्हते.