मापाचा चेंडू

रस्त्याच्या पायासाठी टाकायच्या दगडांवर फूटभर रुंदीचा चेंडू ठेवून फोटो काढला, की कॉम्प्युटर त्या चेंडूच्या हिशेबानं प्रत्येक दगडाचं माप सांगायचा. आजही एकूण एक दगड पास! पण साहेबांना ते नुसत्या नजरेलाच बारके दिसत होते. नक्की कुठंतरी पाणी मुरतंय, आणि मुरवणारा हा मुकादमच. त्यांनी थेट चेंडूलाच टेप लावली. आठ इंच!

"खरा चेंडू कुठं दडवलात, मुकादम?"

"तो गेल्या साली फुटला, साहेब. हा तुम्हीच आणून दिलात, तुमच्या लेकीचा." मुकादमानं लांबवर गेलेल्या नव्याकोऱ्या रस्त्याकडं पाहिलं. "हा अख्खा रस्ता याच चेंडूवर पास केलात की तुम्ही."