वेगळं ताट

"सिस्टर, एचआयव्ही झालेल्या माणसाच्या ताटात जेवलं तर काय होतं?"

हिंमत असेल तर विचारून दाखव, असं मैत्रिणी म्हणाल्या होत्या. भिंगरीनं मान ताठ ठेवून विचारलंसुद्धा. वर्गात खसखस पिकली.

आरोग्याचा तास घ्यायला दवाखान्यातून आलेल्या सिस्टर म्हणाल्या, "पोट भरतं."

केवढा हशा! पैज जिंकली, आता खाली बसायचं. पण भिंगरी बसली नाही.

"आणि कामासाठी गाव सोडलं, तर गोळ्या जुन्या गावाहूनच आणायच्या?"

"छे गं. इथेही मिळतात. फुकट."

"दवाखान्याच्या दारावरचा माणूस तर म्हणतो, बाहेरच्यांनी जिथलं कार्ड तिथंच जायचं."

सिस्टरांचा चेहरा कडक झाला. "तो कोण ठरवणारा? उद्या मजुरांच्या कामाच्या वेळेआधीच दवाखान्यातली माझी खोली उघडते मी. म्हणावं, थेट माझ्याकडे या."

शेजारणीनं हळूच कोपर मारलं. "कोणासाठी गं?"

"तुझ्यासाठी नाही ना? मग झालं तर."

संध्याकाळी पत्र्याच्या खोलीत बाबा नेहमीसारखे भिंतीकडे तोंड करून जेवत होते. गुडघ्यांवर दिवसभराच्या फरशीकामाचं सिमेंट वाळलेलं. काठ मुडपलेलं ते ताट त्यांनी स्वतःच वेगळं केलेलं. स्वतःच घासायचे, स्वतःच खुंटीला अडकवायचे. गोळ्या संपत आल्या, म्हणून हल्ली एक दिवसाआड घेत होते. जुन्या गावी जायचं तर खाडा, आणि खाडा पडला की मुकादम दुसरा माणूस उभा करायला तयारच.

भिंगरी त्यांच्यासमोर फतकल मारून बसली आणि त्यांच्या ताटातला घास उचलून तोंडात टाकला.

"अगं ए!" बाबांनी ताट मागे ओढलं. तिनं पुन्हा पुढे ओढलं.

"आई, माझं ताट वाढू नकोस. आजपासून मी ह्यातच जेवणार. आणि उद्या सकाळी आपण तिघं दवाखान्यात जाणार. इथल्याच. मी विचारून आलेय."

"त्या दारावरच्यानं पुन्हा हाकललं तर?" बाबा पुटपुटले.

"हाकलू दे बघू. मी आहे ना!"

आई पदराशी चाळा करत म्हणाली, "आणि वस्तीतलं कोणी भेटलं तिथं?"

भिंगरीनं दुसरा घास घेतला. भरल्या तोंडानंच म्हणाली, "भेटू दे की. त्यांना म्हणेन, आमच्या मागं उभे राहा, रांग इथून आहे."