अर्धं जाळं

रियाची दहावी झाली त्या वर्षी, मे महिन्यात, गोमाने चोवीस वर्षांनी भावाच्या दाराची कडी वाजवली. भाऊ तीन घरं सोडून राहायचा. गोमाच्या खांद्यावर अर्धं जाळं होतं. मागे नात रिया, हातात दवाखान्याचा कागद.

गव्हाणच्या खाडीला ओहोटी लागली होती. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. जीवन गेला तेव्हाही ओहोटीच होती. गोमाचा हा थोरला मुलगा अडकलेलं जाळं सोडवायला होडीतून उतरला, जोराने पोहत गेला, आणि संपला. होडीत काका काशिराम एकटाच होता. तो म्हणाला, पोराने हाक मारली नाही, हात हलवला नाही. गावातला सगळ्यात चांगला पोहणारा असा बुडेल हे गोमाला पटेना. तू वेळेवर उडी घेतली नाहीस, असं तो भावाला चारचौघांत बोलला आणि दोघांनी मिळून विणलेलं जाळं त्याने कोयत्याने मधोमध कापलं.

यंदा पनवेलच्या तरणतलावात रिया पोहता पोहता तशीच गप्प झाली. छाती दाबून तिला परत आणलं. डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. गोमा आणि रिया दोघांच्या एका जनुकात दोष निघाला. ते जनुक कॅल्मोड्युलिन नावाचं प्रथिन बनवतं. ठोका झाला, आता थांब, हा निरोप ते हृदयाला देतं. या घरात निरोप चुकतो. जोर केला की हृदय भरकटतं आणि माणूस न ओरडता जातो. रियाला आता रोज गोळ्या होत्या, पोहणं बंद.

दार उघडलं. काशिरामची नजर आधी जाळ्यावर गेली.

"काशा, दोष माज्या रगतात हाय," गोमा म्हणाला. "माज्याकडनंच जीवनला गेला."

काशिरामने खाडीकडे बोट दाखवलं. "पान्यावर निजल्यासारका व्हता, दादा. किती येळा सांगलं तुला."

मग तो आत गेला आणि आपलं अर्धं घेऊन आला. दोन्ही कडा जुळवून पाहिल्या.

"कापलंस त्ये पन वाकडं."

दोघे ओट्यावर शिवायला बसले. सुई एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात राहिली. ऊन पायांवरून सरकत गेलं. रियाने कागद उघडला. त्यावर डॉक्टरीणबाईंनी काढलेल्या वंशावळीत घरातल्या बाप्यांचे चौकोन होते, बायांचे गोल. जीवनच्या चौकोनावर काट मारलेली होती आणि शेजारी गोमानेच दवाखान्यात पहिल्या दिवशी सांगितलेला शब्द होता: बुडून.

"त्यो खोड," गोमा म्हणाला, आणि सांगू लागला. रियाने जसंच्या तसं लिहिलं.

जीवन गोमा कोळी, वय एकोणीस. २००१ साली, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, हृदय थांबून वारला. काका जवळ होता.