प्रार्थना खोळंबली

अकराची घंटा होऊन गेली तरी प्रार्थना सुरू होईना. अख्खी शाळा मैदानात रांगा लावून उभी. पेटीवर बसलेल्या मुलीची बोटं पट्ट्यांवर अवघडून गेली होती. रांगांतून आधी कुजबुज, मग खसखस, मग सरळ गप्पाच सुरू झाल्या.

फाटकाशी पी.टी.चे बोरस्ते सर कुलूप घेऊन तयार. प्रार्थनेचा शेवटचा शब्द आणि कुलपाचा खटका एकदमच ऐकू यायचा, असा त्यांचा लौकिक. त्यानंतर येणाऱ्यानं आल्या पावली माघारी जायचं, वर गैरहजेरी. थंडीत ही वेळ नेमकी दहावीच्या मुलींवर यायची. ऊन चढायच्या आत द्राक्षाच्या बागेत घड औषधात बुडवायचे आणि तिथून पळत सुटायचं शाळेकडे. सगळ्यांत जास्त खाडे चांगुणाचे. आणखी थोडे झाले की तिला परीक्षेला बसू देणार नव्हते, आणि घरचे काही दुसऱ्यांदा शाळेत घालणार नव्हते.

कालच शिक्षकांच्या खोलीत गांगुर्डे बाईंनी, म्हणजे यंदा नव्यानं आलेल्या मोठ्या बाईंनी, हा विषय काढला होता.

"बाई, प्रार्थना झाली की फाटक बंद. शाळा निघाली तेव्हापासूनचा नियम आहे," बोरस्ते सर म्हणाले होते. "आज बाग, उद्या लग्न, परवा जत्रा. मग शाळा कशाला म्हणता, धर्मशाळा म्हणा."

सगळे हसले. बाईही हसल्या. "राहू द्या की नियम. मी कुठं हात लावतेय त्याला?"

आणि आज त्या व्हरांड्याच्या पायरीवर हाताची घडी घालून उभ्या होत्या, प्रार्थनेची खूण काही करीनात. शेवटी बोरस्ते सर तरातरा चालत आले.

"बाई, करायची ना सुरू?"

"तुम्ही सांगाल तेव्हा."

"मी?"

"रस्ता तुम्हाला दिसतो, सर. मला इथून नाही दिसत."

सर काहीतरी पुटपुटत परत फाटकाशी गेले. पेटीवाल्या मुलीला खूण करायला त्यांनी हात वर केला, तेवढ्यात वळणावरून मुली आल्या. चपला हातात, वेण्या सुटलेल्या, हातांना औषधाचा वास. चावऱ्या कुत्र्याजवळून जावं तशा त्या अंग चोरून सरांच्या जवळून आत सटकल्या. सरांचा हात तसाच वर राहिला. रोज या पोरींच्या माघारी जाणाऱ्या पाठीच तेवढ्या त्यांना दिसायच्या.

"सर, म्हणायची का आता? पाय दुखले," रांगेतून वाल्मीक ओरडला.

"थांब रे," सर म्हणाले. "चांगुणा यायचीय अजून."

मैदान एकदम चिडीचूप झालं.

मग वळणावर चांगुणा दिसली. पळत येत होती. तिनं लांबूनच पाहिलं, शाळा रांगेत उभी, कुणाचा आवाज नाही. तिची पावलं मंदावली. प्रार्थना संपली असणार; पुढचं तिला पाठ होतं. तिनं दप्तर खांद्यावर सारखं केलं आणि ती माघारी वळली. फाटक उघडं आहे की बंद, हे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"चांगुणा, ए चांगुणा, थांब," सरांनी हाक मारली.

सरांचा आवाज ऐकून ती आणखीच भराभर चालायला लागली.

सरांनी एकदा बाईंकडे पाहिलं. बाई जागच्या हलल्या नाहीत. मग शिट्टी फुंकून आजवर सगळ्यांना पळवणारे बोरस्ते सर फाटकातून बाहेर पडले, आणि त्यांना स्वतः पळताना शाळेनं पहिल्यांदाच पाहिलं.